भाजलेली माती

मावळात पेरणीआधी माती भाजतात. एप्रिल-मे महिन्यांत कामशेतहून पवनानगरकडे निघालात, तर उतारावरच्या एखाद्या तुकड्यातून पांढुरका धूर जमिनीलगत सरपटताना दिसतो. शनिवार-रविवारचे पाहुणे त्याला वणवा समजतात आणि गाडी थांबवून फोटो काढतात. तो वणवा नसतो, राब असतो. भाताचे रोप तयार करण्यासाठी राखून ठेवलेली जागा कुणीतरी भाजायला घेतलेली असते. एकरभर लावणीला साधारण चार गुंठ्यांचे रोप पुरते, म्हणून हा तुकडा नेहमीच लहान असतो. पण वर्षाच्या भाताचे भवितव्य तिथेच ठरते.

तुकडा निवडण्यातही शहाणपण आहे. खाचरात पाणी तुंबायला हवे, राबात मात्र ते तुंबता कामा नये. त्यामुळे राब नेहमी जरा उंचावर, निचऱ्याच्या जागी आणि शक्यतो घराजवळ असतो. पवन मावळातल्या एका घरी हे काम मी जवळून पाहिले. राबाचा सगळा कारभार आजींच्या हाती. मुलगा आणि सून राबत होते, पण कोणता थर किती जाड घालायचा ते बांधावर बसून आजीच सांगत होत्या.

काम खरे तर थंडी ओसरतानाच सुरू होते. ऐन-किंजळीच्या फांद्या छाटून त्यांचे भारे बांधतात, त्याला कवळ म्हणतात. ते सुकायला ठेवतात. झाडाचा शेंडा राखायचा आणि बाजूच्या फांद्या घ्यायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पालवी येते. शेंडा तोडणाऱ्याला आजींनी लावलेले विशेषण इथे छापता येणार नाही. गोठ्यातले शेण आधीच राबात पसरून वाळवलेले असते. तो पहिला थर. त्यावर कवळ दाबून रचायचे, मोकळ्या जागा ठेवायच्या नाहीत. त्यावर पातेरा आणि गवत. आणि सगळ्यात वर, पाहणाऱ्याला कोड्यात टाकणारा थर मातीचा. ढेकळे फोडून केलेली बारीक माती सून पाटीतून घेऊन हाताने भुरभुरत होती.

जाळायचेच आहे, तर वर माती कशाला, असे मी विचारले.

‘‘आग कशाला पाहिजे आपल्याला? धग पाहिजे,’’ आजी म्हणाल्या. ‘‘भडकन पेटलं की वरच्या वर जळून जातं. खालच्या मातीला कळतसुद्धा नाही.’’

पेटवतानाही तोच हिशेब. वारा जिकडे जातो त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आगीला वाऱ्याविरुद्ध मागे सरकावे लागते. ज्वाळा जेमतेम वीतभर उठते. धूर दाट, डोळे झोंबवणारा. कडेने गवत खरवडून पट्टा मोकळा केलेला असतो आणि मुलगा हातात ओला टहाळा घेऊन फिरत राहतो, कारण ठिणगी डोंगराच्या गवतात गेली तर राबाचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. तसे होतेही, आणि मग वनखात्याचे लोक दारात उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी राब निवला तेव्हा काडीने उकरून पाहिले. वर मऊ करडी राख. तिच्याखाली दोन बोटे खोलीपर्यंतची माती काळपट-तांबडी आणि इतकी भुसभुशीत, की चिमटीत धरताच रवाळ होऊन सांडते. मध्ये गवताची मुळे कोळसा होऊन तारेसारखी उभी. त्याखाली नेहमीची घट्ट तांबडी माती, जिला धग पोचलीच नव्हती. म्हणूनच राबात नांगर खोल घालत नाहीत. खोल गेला, तर न भाजलेली माती आणि तिच्यातले तणाचे बी वर येते, आणि सगळी मेहनत वाया. वरवर नांगरायचे, रोहिणीत धूळवाफेवर बी फेकायचे आणि मृगाची वाट पाहायची. मधल्या काळात वळवाचा मोठा पाऊस आला, तर राख उतारावरून वाहून जाते. ती थोपवायला खालच्या अंगाला बांध घालतात.

राखेचे खत मिळावे म्हणून हा खटाटोप, असा पुष्कळांचा समज असतो. तसा तो पूर्वीच्या साहेबांचाही होता, आणि त्यावरून मोठे भांडण झाले. इंग्रजांच्या वनखात्याला कवळतोड म्हणजे जंगलाची नासाडी वाटे. शेतकऱ्याला ती बंद होणे म्हणजे भात बंद होणे. ठाणे-कुलाबा भागातल्या अशा तक्रारींवरून मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. शेतीचे रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनीही आपल्या १८९३ च्या अहवालात राबाचा विषय घेतला. पण मातीत नेमके काय घडते, हे तपासायला पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर पुढे आले. पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवरचा त्यांचा प्रबंध १९१२ चा. राखेच्या खतापेक्षा मातीला बसणाऱ्या धगीचा वाटा मोठा, असे त्यातून दिसले. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडात रॉथॅमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवले होते, की माती तापवली की जिवाणूंना खाणारे सूक्ष्म जीव मरतात, उरलेले जिवाणू जोमाने वाढतात आणि रोपाला लागणारे नत्र मोकळे होते. आजींना यातले काही ठाऊक नाही. धग पाहिजे, एवढे ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. शेण आणि पाला जाळला, की त्यातले बहुतेक नत्र धुरासोबत जाते. तेच कुजवले असते, तर खाचराला मिळाले असते. शिवाय दरसाल चार गुंठ्यांसाठी डोंगराची केवढी तरी पालवी उतरते. म्हणून कृषी खाते राब जाळू नका म्हणते, आणि हिशेबाला ते बरोबरच आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत यावर उत्तर आहे: सुमारे मीटरभर रुंदीचे गादीवाफे करायचे, त्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. तुसातल्या सिलिकामुळे रोप कणखर होते. चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडायचा, तो बांधावरच वाढतो, डोंगर चढायला नको. बी पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकायचे आणि तरंगणारे पोचट बी काढून टाकायचे, ही युक्तीही खात्याचीच, आणि तिला आजींचाही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो तणाबद्दल. गादीवाफ्यात भातासोबत भातासारखेच दिसणारे गवत उगवते आणि कोवळेपणी ते ओळखू येत नाही. भाजलेल्या राबात ते बी मेलेलेच असते. पावसात वाकून निंदणी करायची ती सुनेने, आणि सल्ल्याच्या पत्रकात तिच्या कंबरेचा हिशेब कुठे नसतो. हा मुद्दा मला खात्याच्या हिशेबाइतकाच वजनदार वाटतो.

तरीही राब कमी होतो आहे, तो सल्ल्यामुळे नव्हे. गोठ्यात दोन जनावरे उरली, तर थराला शेण कुठून येणार? कवळाचा डोंगर विकला गेला, त्याला तारेचे कुंपण पडले. लोणावळ्याच्या बंगल्यांसाठी रोपवाटिकांत कोकोपीट आणि गांडूळखत मिसळलेली ‘ऑरगॅनिक’ माती पिशव्यांतून मिळते, आणि ती घेणारे कुंपणापलीकडच्या धुराची तक्रार करतात.

भात मात्र अजून लावतात, आणि बहुतेक इंद्रायणीच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला, १९८७ पासून शेतात असलेला हा वाण आता इथल्या लोकांना घरचाच वाटतो. आजींच्या घरी सध्या निम्मे रोप राबात, निम्मे गादीवाफ्यावर. दोन्हीकडची माती मोकळी, त्यामुळे आवणीच्या वेळी रोप मुळासकट अलगद उपटते, याबद्दल सासू-सुनेत मतभेद नाही. सुनेचा कल गादीवाफ्याकडे वाढतो आहे, कारण डोंगर चढून कवळ आणायला माणूस मिळत नाही. अडचण आहे ती तुसाची. भातगिरणीतले तूस वीटभट्टीवाले गाडी लावून उचलतात. चार पोती हवी असतील, तर दिवाळीनंतर भरडाई सुरू होतानाच सांगून ठेवावे लागते, आणि यंदा गिरणीवाल्याने त्याचेही पैसे मागितले.