राणीच्या पाठीवरची गाठ

झाशीची राणी म्हटलं की आधी तलवार आठवते. २००९ मध्ये झी टीव्हीवर आलेल्या ‘झाँसी की रानी’ मालिकेतून उल्का गुप्ताची मनू आणि पुढे कृतिका सेंगरची राणी घराघरांत पोहोचली. इतिहासात कल्पनेची भर होतीच. पण अशी वीर नायिका माया कशी दाखवते? बोलून नाही, करून! राणीचं तान्हं बाळ काही महिन्यांतच गेलं. १८५३ मध्ये दत्तक घेतलेल्या दामोदररावांच्या हक्कासाठी तिनं आधी इंग्रजांकडे अर्ज केले, मग तलवार उचलली. झाशीच्या किल्ल्यात तिनं घोड्यासह उडी घेतल्याची जागा आजही दाखवतात. उडी दंतकथा असेलही; पण पाठीशी बांधलेलं मूल प्रत्येक आईला खरं वाटतं. मुलांसोबत राणीची गोष्ट पाहाल, तेव्हा तलवारीबरोबर ती गाठही त्यांना दाखवा.