खांदेरी : आजही कामावर असलेला किल्ला

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतले 11 महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. यांतल्या बहुतेक किल्ल्यांचं मूळ काम केव्हाच संपलं. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या किनाऱ्यासमोरच्या खांदेरीचं मात्र तसं नाही. तटबंदीच्या आत, टेकडीच्या माथ्यावर 1867 साली बांधलेलं दीपगृह आहे आणि अंधार पडला की त्याचा दिवा आजही लागतो. किल्ला आणि दीपगृह या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हींना जन्म दिला तो या बेटाच्या जागेने.

मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरणाऱ्या वाटेवर खांदेरी उभी आहे. इथे बसणाऱ्याच्या नजरेतून बंदरातली ये-जा सुटत नाही. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये पावसाळा सरता सरता इथे बांधकाम सुरू केलं, ते म्हणूनच. महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी इथे पाय रोवून होता. मुंबईकर इंग्रजांना धोका लगेच कळला. त्यांनी गलबतं पाठवून बेटाची कोंडी करायचा प्रयत्न केला, सिद्दीही त्यांच्या मदतीला आला. पण रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या लहान, हलक्या होड्या किनाऱ्यावरून माणसं आणि सामान पोचवत राहिल्या. या उथळ पाण्यात इंग्रजांची जड जहाजं हतबल झाली. काम थांबलं नाही. सिद्दीने मग शेजारची उंदेरी धरली आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. पुढे मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या काळात, 1718 मध्ये, इंग्रजांनी खांदेरीवर मोठा हल्ला केला. तोही फसला.

पुढे सत्ता इंग्रजांकडे गेली, समुद्र तोच राहिला. मुंबईचा व्यापार वाढला, जहाजं वाढली, तशी या वाटेवरच्या खडकांची आणि उथळ जागांची भीतीही वाढली. जिथून वाट रोखता येत होती, तिथूनच वाट दाखवताही येणार होती. म्हणून 1867 मध्ये खांदेरीवर अष्टकोनी मनोरा उभा राहिला. 1875 मध्ये कुलाब्याच्या टोकापलीकडच्या खडकावर प्राँग्ज दीपगृह झालं. बंदराच्या तोंडाशी आता रात्रीच्या खुणा पक्क्या झाल्या.

दीपगृहाला उंची का लागते, याचं उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. पाण्यापासून 25 मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 18 किलोमीटरवर दिसतं. हे अंतर दुप्पट करायचं, तर उंची चौपट करावी लागते. 100 मीटरवरून 36 किलोमीटर. होडीत उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटरवर धरला, तर त्याचं क्षितिज पाच किलोमीटरवर असतं. दिव्याचं आणि डोळ्याचं अंतर मिळवलं, की कितव्या किलोमीटरला दिवा पाण्यातून वर येईल ते कळतं. सपाट जागी यासाठी फार उंच मनोरा उभारावा लागतो. खांदेरीच्या टेकडीने ही उंची आयती दिली. टेहळणीसाठी माथा हवा होता, दिव्यालाही तोच हवा होता.

उंचीइतकंच महत्त्व भिंगाचं. दिव्याचा उजेड चहूकडे पसरतो आणि वाया जातो. तो एका दिशेला वळवायला मोठं भिंग हवं, पण अखंड काचेचं तेवढं भिंग फार जाड आणि जड होतं. फ्रेंच अभियंता ओग्युस्तॅं फ्रेनेल याने मधली अनावश्यक काच काढून टाकून भिंगाची वलयं केली. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात असं भिंग बसलं आणि जगभरच्या किनाऱ्यांचं रूप पालटलं. भिंग फिरतं, तसा उजेडाचा झोत समुद्रावरून फिरतो. झोत जहाजावरून जातो, त्या क्षणी खलाशाला दिवा लखलखलेला दिसतो. दोन झोतांमधलं अंतर जवळपासच्या दीपगृहांचं निराळं ठेवतात. सेकंद मोजले, की हा दिवा कुठला ते नकाशाशी ताडून सांगता येतं.

आता प्रत्येक जहाजावर, बऱ्याच मच्छीमार बोटींवरही उपग्रहाचं यंत्र असतं. मग दिवा कशाला? यंत्र बंद पडतं, बॅटरी उतरते, उपग्रहाचा संकेत मुद्दाम बिघडवताही येतो. दिव्याला होडीवर कुठलंच यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. जाणता तांडेल यंत्राने सांगितलेली जागा डोळ्यांनी पडताळून पाहतो. मुंबई आणि रायगडमधल्या या पट्ट्याची धास्ती कोकणच्या माणसाला वेगळी सांगायला नको. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि 600 हून अधिक माणसं बुडाली. ती सकाळची वेळ होती, दिव्याने ती बोट वाचली नसती. पण आषाढातला हा दर्या काय करू शकतो, हे त्या दिवशी कळलं. अशा पाण्यात सावध करणारी एकही खूण कमी करणं परवडणारं नाही.

खांदेरीवर कोळी बांधवांचा वेताळ आहे, चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या जुन्या तोफा आहेत आणि इंग्रजांच्या काळातला मनोरा आहे. बेटाला आणि दीपगृहाला आज कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. वारशाच्या यादीत नाव आल्यावर इथे पर्यटक वाढतील, डागडुजी होईल. ती होताना दीपगृहाला किल्ल्यातली उपरी इमारत समजू नये. महाराजांनी जागा किती अचूक हेरली होती, याचा तो रोजचा पुरावा आहे. तट जपायचा, देवस्थान जपायचं, तसा हा दिवाही चालता ठेवूनच जपायला हवा. वारसा नुसता बघायचा नसतो, त्याच्याकडून काम घेता येत असेल तर ते घ्यायचं असतं. खांदेरी ते करून दाखवते आहे.