डोक्यावरची पिसं शाबूत, छाती उघडी

पिंजऱ्याच्या तळाशी पिसं साचू लागली की बहुतेक घरांत दोन निदानं तयार असतात. एक, किडे झाले. दुसरं, मोसम आहे, झडतील आणि परत येतील. पहिल्या निदानापायी पक्ष्यावर कुत्र्यामांजरांची पावडर भुरभुरली जाते, दुसऱ्यापायी चार-सहा महिने वाया जातात. घरात राहणाऱ्या पोपटांची पिसं किड्यांमुळे जाण्याचे प्रकार थोडेच असतात. बजींना एक खरूज होते खरी, पण ती चोचीच्या मुळाशी आणि पायांवर खरबरीत खपली आणते. छाती उघडी पाडत नाही. शंभर-दोनशे ग्रॅमच्या जिवाला कुत्र्याची पावडर विषारी ठरू शकते, हा धोका वेगळाच. मोसमाचं म्हणाल, तर पिसं बदलणारा निरोगी पोपट उघडा पडत नाही. जुनी पिसं थोडी थोडी आणि दोन्ही अंगांना सारखी गळतात, त्यांच्या जागी नवी पिसं टाचणीच्या टोकांसारखी वर आलेली दिसतात, आणि गळालेलं पीस आख्खं असतं. उपटलेल्या किंवा चावलेल्या पिसाचा दांडा मोडलेला असतो, कडा कुरतडलेल्या असतात. कातडी दिसू लागली असेल तर ते गळणं नाही, हे त्याच दिवशी मान्य करावं. आणखी एक साधी पारख आहे. पोपटाची चोच त्याच्या स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे डोक्यावरची पिसं तुकतुकीत आणि छाती, मांड्या किंवा पंखांखालचा भाग उघडा, असं दिसलं तर काम त्याच्याच चोचीचं आहे. डोकंही विरळ झालं असेल तर पिंजऱ्यातला सोबती ती उपटत असेल, किंवा सर्कोव्हायरससारखा, पिसं वेडीवाकडी उगवायला लावणारा आजार असेल. हा विषाणू एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे तिथे तपासणीला एक दिवसही उशीर करू नये.

स्वतःची पिसं स्वतःच उपटतोय हे कळलं की तिसरं निदान पुढे येतं: कंटाळला आहे. हे पहिल्या दोघांपेक्षा शहाणं वाटतं, म्हणून जास्त धोक्याचं आहे. पिसं उपटणं हे तापासारखं आहे. ताप हे आजाराचं नाव नसतं, तो काहीतरी बिघडल्याचं सांगतो. उपटण्याचंही तसंच आहे, आणि त्यामागे काय आहे ते नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, पक्ष्यांच्या डॉक्टरांनाही नाही. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पिसं उपटणाऱ्या ४०८ पोपटवर्गीय पक्ष्यांच्या कातडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. प्रत्येक पक्ष्याचे नमुने दोन जागांचे होते, एक उपटलेल्या जागेचा आणि दुसरा चोच पोचत नाही अशा जागेचा. २१० पक्ष्यांच्या कातडीला मुळातच दाह होता. उरलेल्या १९८ जणांत फक्त चोचीनं झालेली इजा दिसली. म्हणजे जवळपास निम्म्या पक्ष्यांना आधी कातडीचा त्रास होता. त्यांना ‘कंटाळलाय’ म्हणून खेळणी आणून देणं म्हणजे दात दुखणाऱ्या मुलाला गोष्ट सांगत बसणं. आणि कातडीच्या पलीकडेही कारणं आहेतच. यकृताचे विकार, आतड्यातले परजीवी, जिवाणू आणि बुरशी, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा शिसं असलेला रंग चावून झालेली विषबाधा, ही सगळी याच एका लक्षणातून बाहेर पडू शकतात. म्हणून डॉक्टर विष्ठा, रक्त, कधी क्ष-किरण तपासायला सांगतात तेव्हा तो उगाच वाढवलेला खर्च समजू नये.

शरीराच्या बाजूनं बघताना आहाराचा विचार टाळता येत नाही. वाटीभर सूर्यफुलाच्या बिया रोज संपवणारा पोपट चांगला खातो असं आपण म्हणतो. त्या बियांत चरबी भरपूर असते, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र फार कमी. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कोरडी होते, आणि कोरडी कातडी चोचीला बोलावते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला हे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात असतातच. ते हळूहळू ओळखीचे करून द्यावे लागतात, कारण बियांवर वाढलेला पोपट नवं अन्न आठवडेच्या आठवडे नाकारतो. इथे मिरचीबद्दलही सांगायला हवं, कारण ती देऊन पोपट लवकर बोलायला लागतो असं आजही ऐकू येतं. पक्ष्यांना मिरचीचा जाळ जाणवतच नाही, माणसाच्या तोंडात आग पेटवणारा घटक त्यांच्या संवेदकांवर काम करत नाही. मिरची त्यांना फळासारखीच. खुशाल द्यावी, बोलण्याशी तिचा काही संबंध नाही.

तपासण्या झाल्या, शरीरात काही सापडलं नाही, तर प्रश्न आयुष्याकडे वळतो. इथे पुरावा चांगला भक्कम आहे. जंगलातला पोपट दिवसाचे चार ते सहा तास अन्न शोधण्यात, फोडण्यात, सोलण्यात घालवतो. पिंजऱ्यातल्या पोपटाचं खाणं अर्ध्या ते सव्वा तासात उरकतं. उरलेल्या वेळाचं त्यानं काय करायचं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शेरिल मीहान आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रश्नाला उत्तर देतो. त्यांनी १६ तरुण ॲमेझॉन पोपट ४८ आठवडे एकेकटे ठेवले. काहींचे पिंजरे साधे होते. बाकीच्यांना अन्न मिळवण्यासाठी काहीतरी कुरतडावं लागे, भोकातून काढावं लागे, झाकण उघडावं लागे. शिवाय चढायला, लोंबकळायला बदलत्या वस्तू होत्या. साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसं खराब होत गेली, दुसऱ्या गटाची टिकली. सर्वांत महत्त्वाचं पुढेच घडलं. साध्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांनाही नंतर तीच कामं दिल्यावर त्यांचीही पिसं सुधारली. पक्षी तेच होते, बदललं ते फक्त त्यांच्या दिवसाचं स्वरूप. २०२१ साली कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ५० जातींच्या १,३७८ पाळीव पोपटांची माहिती एकत्र केली. ज्या जातींचं जंगलातलं अन्न फोडायला-सोलायला मेहनतीचं, त्या जाती पिंजऱ्यात पिसांची नासाडी जास्त करतात, असं त्यातून दिसलं. पोट भरल्यानं ही गरज भागत नाही, कारण चोचीनं काम करणं हीच ती गरज आहे. समोर वाटीत फुकटचं अन्न असतानाही काही पोपट खटपट करून मिळणारं अन्न निवडतात, हेही प्रयोगांत नोंदलं गेलं आहे. चोचीला दुसरं काही मिळालं नाही, तर सोलण्यासाठी सर्वांत जवळ असतात स्वतःचीच पिसं.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात, आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. पहिला म्हणजे, आम्ही दिवसभर त्याच्याशी बोलतो, तो आमच्या खांद्यावरच असतो, त्याला कमी काय आहे? माया कमी नाहीच. पण माया आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मायेनं कामाची जागा भरत नाही. उलट सतत खांद्यावर राहिलेला पक्षी एकटं असताना स्वतःला गुंतवायला शिकलेलाच नसतो. घर रिकामं झालं की त्याचे तास कोरडे जातात. पाठीवरून, शेपटीच्या मुळाशी हात फिरवणं तर आणखी गुंता करतं. पोपटांमध्ये तो स्पर्श जोडीदाराचा असतो. त्यातून विणीची हार्मोन्स जागी होतात, जोडीदार मिळत नाही, आणि अस्वस्थता पिसांवर निघते. कुरवाळायचं तर फक्त डोकं आणि मान.

दुसरा आक्षेप असा की शेजारच्यांचा पोपट याहून लहान पिंजऱ्यात आहे, तरी त्याची पिसं चकचकीत आहेत. हा वजनदार आक्षेप आहे, आणि त्याचं उत्तरही डेव्हिसमधल्याच एका अभ्यासात आहे. तिथल्या ॲमेझॉन पोपटांची वंशावळ तपासून २००६ साली असं मांडलं गेलं की ही वृत्ती मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. शेजारच्या पिंजऱ्यातल्याचं बघून पोपट हे शिकतात याला मात्र त्यांना आधार सापडला नाही. जातींमध्येही असाच फरक दिसतो. आफ्रिकन ग्रे आणि काकाकुवा या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. पण आनुवंशिकता म्हणजे नशीब नाही. मधुमेहाचा वारसा असलेल्या माणसाला आपण पथ्य सोडून दे म्हणत नाही, उलट जास्त जपायला सांगतो. शेजारचा पोपट तगला यातून एवढंच कळतं, की तो पिंजरा त्याच्यापुरता पुरला. तो पुरेसा चांगला आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप जुन्या काळाचा. आजोबांच्या ओसरीवर राघू होता, डाळ आणि पेरू खायचा, कधी पिसं उपटली नाहीत. ओसरीवरच्या राघूला ऊन, वारा, माणसांची वर्दळ मिळायची. तो काही चौदाव्या मजल्यावरच्या बंद खोलीत टीव्हीसमोर रात्री बारापर्यंत जागा नसायचा. पोपटाला १० ते १२ तास अंधारातली शांत झोप लागते, आणि ती शहरी घरांत सर्वांत आधी बळी जाते. मुळात तो राघू पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. आपले देशी पोपट या कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांच्यासाठी पिंजरा सुधारण्याचा प्रश्नच येत नाही. असा पक्षी घरात असेल तर खिडकी उघडून सोडू नये, हातावर वाढलेला पोपट बाहेर उपाशी मरतो, वनविभागाशी बोलावं. परदेशी जातींची नोंदणी आता बंधनकारक आहे, आणि आफ्रिकन ग्रेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून सर्वांत कडक बंधनं आहेत.

चुकीच्या समजुतींतून येणारे उपाय पक्ष्याला सर्वांत जास्त सोसावे लागतात. तो राग काढतोय, सूड घेतोय, असं मानलं की ओरडणं आलं, पिंजऱ्यावर कापड टाकणं आलं. पोपट हुशार आहेत, पण स्वतःची छाती सोलून माणसाला शिक्षा करण्याइतका आडवळणाचा हिशोब त्यांच्या डोक्यात असतो याला आधार नाही. ओरडण्याचा परिणाम मात्र होतो, आणि तो उलटा होतो. पीस उपटलं की सगळं घर धावून येतं, हे त्याच्या लगेच लक्षात येतं. ‘अरे नको, नको’ हेही त्याच्या लेखी लक्षच. त्यापेक्षा तो शेंग सोलत असेल, दोरी कुरतडत असेल, त्या क्षणी जवळ जाऊन बोलावं. कडू फवारे बहुधा कामाचे नसतात. गळ्यातली कॉलर जखम होण्याइतकी मजल गेली असेल तेव्हा डॉक्टरांनी घालायची वस्तू आहे. ती चोच अडवते, कारण तसंच ठेवते. जोडीदार आणला की थांबेल, हाही भरवशाचा उपाय नाही. दोघांचं पटलं नाही तर आता दोन त्रस्त पक्षी होतात, आणि नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत न ठेवता आणला तर आजारही सोबत येतो. औषधांना सरसकट नाकारणंही बरोबर नाही. क्लोमिप्रामिन या औषधाची काकाकुवांवर नकली औषधाशी तुलना करून २००४ साली चाचणी झाली, आणि त्यात सुधारणा दिसली. पण ते पक्ष्यांच्या डॉक्टरांनी, मोजून, बाकीचं बदलत असताना द्यायचं औषध आहे.

आणि बाकीचं बदलणं म्हणजे बाजारातली महागडी खेळणी आणणं नाही. खाणं वाटीत न वाढता दडवायचं: कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीत कोंबून, नारळाच्या करवंटीत. पानासकट मक्याचं कणीस, मटारच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, न फवारलेल्या पेरूच्या सालीसकट डहाळ्या. सुरुवात इतकी सोपी ठेवायची की त्याला लगेच जमावं, मग एकेक पदर वाढवायचा. पहिल्याच दिवशी अवघड कोडं दिलं तर तो घाबरून उपाशी बसतो. वजन रोज एकाच वेळी मोजलं तर तो खरंच खातोय का ते कळतं. आठवड्यातून काही वेळा पाण्याचा बारीक फवारा किंवा उथळ ताटात आंघोळ द्यावी. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती त्याच्या खोलीत नको, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पोपट काही मिनिटांत मरू शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. ॲव्होकाडो आणि चॉकलेट चुकूनही देऊ नये.

हे सगळं नीट केल्यावरही छाती आठवड्यात भरत नाही. नवं पीस पुढच्या बदलात येतं, त्याला महिने लागतात, आणि वर्षानुवर्षं उपटलेल्या जागेतलं पिसाचं मूळ कायमचं मेलेलं असू शकतं. म्हणून पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढावा, आणि शेजारी लिहावं की आज कणीस सोलायला त्याला किती वेळ लागला. काही पक्ष्यांच्या बाबतीत फोटो तसाच राहतो आणि तो वेळ वाढत जातो. उघड्या छातीचा असा पोपट तासभर एका शेंगेत गढून जातो, तेव्हा त्याची चोच पिसांकडे वळत नाही.