ओट्सची भाजणी : एक डबा, पाच न्याहाऱ्या

शहरातल्या घरांमध्ये सकाळी सात ते आठ हा तास सर्वांत धावपळीचा. मुलांची शाळेची बस, नोकरदारांची लोकल, घरातल्या ज्येष्ठांची औषधे आणि या साऱ्यांच्या मधोमध उभा असलेला न्याहारीचा प्रश्न. कांदेपोहे, उपमा, थालीपीठ हे पदार्थ आवडीचे खरे. पण ते रोज साग्रसंगीत करण्याइतकी उसंत कोणाला आहे? याच उसंतीच्या अभावातून ओट्सच्या पाकिटांनी आपल्या स्वयंपाकघरात प्रवेश केला. पाकीट फोडायचे, गरम दूध किंवा पाणी ओतायचे आणि 'आरोग्यदायी' न्याहारी तयार. मात्र त्या पाकिटात ओट्सबरोबर आणखी काय येते, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

ओट्स हे धान्य वाईट नाही. उलट त्याचे गुण मान्यताप्राप्त आहेत. प्रश्न आहे तो त्यासोबत येणाऱ्या साखरेचा आणि मिठाचा. यावरचा उपाय आपल्याच स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. थालीपीठाची भाजणी किंवा मेतकूट करताना प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, पूर्ण निववायचा, मग एकत्र करून कोरड्या डब्यात भरायचा, ही आपली पद्धत. तोच न्याय ओट्सला लावला, तर विकतच्या मिश्रणाहून सकस आणि कितीतरी अधिक बहुपयोगी मिश्रण घरी तयार होते.

पाकिटावर काय वाचावे?

भारतात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. म्हणजे जो घटक सर्वाधिक, तो सर्वांत आधी. त्यामुळे पहिल्या तीन-चार नावांतच साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप किंवा मध दिसत असेल, तर ते मिश्रण न्याहारीपेक्षा मिठाईच्या जवळचे समजावे. पोषणाच्या तक्त्यात दर १०० ग्रॅममागे २० ग्रॅम साखर छापलेली असेल, तर ५० ग्रॅमच्या एका वाढपात १० ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन चमचे साखर पोटात जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी मुक्त साखर दिवसभरातील एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ती ५ टक्क्यांवर, म्हणजे प्रौढांसाठी साधारण २५ ग्रॅमवर आणता आली तर अधिक उत्तम. दिवसाच्या पहिल्याच घासात त्यातील १० ग्रॅम संपले, तर पुढच्या चहा-बिस्किटांसाठी उरते ते किती? मसालेदार चवीच्या ओट्समध्ये हाच प्रश्न मिठाबाबत उभा राहतो.

ओट्सचे खरे सामर्थ्य

१०० ग्रॅम ओट्समध्ये सुमारे ३८० उष्मांक, १३ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू असतात. यातील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू विशेष महत्त्वाचा. पाण्यात भिजल्यावर तो बुळबुळीत होतो. ओट्सची खीर दाट होते ती त्याच्यामुळेच. आतड्यात हा तंतू पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते आणि त्यामुळे रक्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण काहीसे उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराच्या संदर्भातील दावा छापण्यास परवानगी दिली, तीही दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनचे प्रमाण सांगून. एवढा बीटा-ग्लुकन मिळण्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स खावे लागतात. चमचाभर ओट्स दुधावर भुरभुरून हा लाभ मिळत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

बाजारात ओट्सचे तीन प्रमुख प्रकार दिसतात. दाणा कापून केलेले स्टील कट, वाफवून चपटे केलेले रोल्ड आणि अधिक पातळ लाटलेले क्विक किंवा इन्स्टंट. पातळ पापुद्रे लवकर शिजतात, तसेच लवकर पचतात आणि रक्तातील साखरही त्यांनी तुलनेने वेगाने वाढते. स्टील कट ओट्स शिजायला बराच वेळ घेतात. म्हणून मिश्रणासाठी साधे, बिनसाखरेचे रोल्ड ओट्स निवडावेत.

एक किलोचे प्रमाण

रोल्ड ओट्स : ५०० ग्रॅम
ज्वारीचे पोहे किंवा राजगिऱ्याच्या लाह्या : १०० ग्रॅम
पंढरपुरी डाळे : १०० ग्रॅम
शेंगदाणे : १०० ग्रॅम
तीळ : ५० ग्रॅम
जवस : ५० ग्रॅम
भोपळ्याच्या बिया : ५० ग्रॅम
सुक्या खोबऱ्याचा कीस : ५० ग्रॅम

या यादीत साखर, गूळ, मीठ, मनुका यांपैकी काहीही नाही. या मिश्रणाची खरी मेख हीच. डब्यातले मिश्रण अळणी आणि अगोड राहिले, तरच त्यातून गोड व तिखट असे दोन्ही पदार्थ होऊ शकतात. शिवाय एकाच घरातील मधुमेही आजोबा आणि शाळकरी नात यांना आपापल्या गरजेप्रमाणे ते वापरता येते.

माणशी ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे पाऊण वाटी हे एक वाढप धरले, तर एका किलोत २० वाढपे होतात. चौघांच्या कुटुंबाला सोमवार ते शुक्रवार पुरेल इतके. एका वाढपातून अंदाजे २२० उष्मांक, ८ ग्रॅम प्रथिने आणि साडेपाच ग्रॅम तंतू मिळतात. सोबत पेलाभर दूध घेतले तर प्रथिने १४ ग्रॅमच्या घरात जातात. मात्र एका वाढपात ओट्स २५ ग्रॅमच असल्याने बीटा-ग्लुकन साधारण एक ग्रॅमच मिळते. कोलेस्टेरॉलसाठी ओट्स घेणाऱ्यांनी वाढपात वरून आणखी साधे ओट्स घालावेत किंवा दिवसात दुसऱ्या एखाद्या पदार्थात ते वापरावेत.

भाजण्याचे शास्त्र

सगळे जिन्नस एकाच कढईत ओतून भाजण्याचा मोह टाळावा. प्रत्येकातील ओलावा आणि तेलाचे प्रमाण निराळे असते. शेंगदाणे भाजले जाईपर्यंत तीळ करपून कडू होतात. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर सुरुवात शेंगदाण्यांनी करावी आणि गार झाल्यावर त्यांची साले काढावीत. मग ओट्स आठ ते दहा मिनिटे सतत हलवत भाजावेत. रंग बदलण्याची वाट पाहू नये. खमंग वास सुटला आणि बोटांत चुरगळून पापुद्रा कुरकुरीत तुटला की उतरवावेत. भोपळ्याच्या बिया फुगेपर्यंत, तीळ व जवस तडतडेपर्यंत आणि खोबरे किंचित गुलाबी होईपर्यंत भाजावे. ज्वारीचे पोहे तीन-चार मिनिटे, डाळे नुसते गरम होईपर्यंत. लाह्या असतील तर त्या भाजण्याची गरज नाही.

यानंतरची पायरी घाईत नेहमी चुकते, ती म्हणजे निववणे. कोमट जिन्नस डब्यात भरले की आतली वाफ झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि आठवड्याच्या आत मिश्रण सादळते किंवा त्याला बुरशी धरते. म्हणून सारे जिन्नस परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत.

अख्खा जवस बऱ्याचदा न पचताच शरीराबाहेर पडतो. त्यामुळे जवस आणि तीळ भरड कुटून घालावेत. मात्र कुटलेल्या जवसातील तेल हवेच्या संपर्कात लवकर खवट होते. घरात खाणारी माणसे दोनच असतील, तर जवस अख्खाच वेगळा ठेवून आठवड्यापुरता कुटावा. मिक्सर वापरताना थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवल्यास भांडे तापून शेंगदाण्याला तेल सुटते आणि पिठाऐवजी गोळा हाती येतो.

डबा काचेचा किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा असावा, चमचा कोरडा असावा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, डबा फ्रिजमध्ये ठेवणे श्रेयस्कर. वास खवट आला, तर मोह न धरता मिश्रण टाकून द्यावे.

एका डब्यातून पाच पदार्थ

भिजवलेली न्याहारी : रात्री पाऊण वाटी मिश्रण दुधात किंवा दह्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी त्यात केळे, सफरचंद, पेरू किंवा चिकू चिरून घालावा. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील डॉ. मॅक्सिमिलियन बिर्चर-बेनर यांनी १९००च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी जे म्यूझली रूढ केले, त्यातही भिजवलेले ओट्स जेमतेम चमचाभर आणि किसलेले सफरचंद भरपूर असे. गोडीसाठी फळ वापरण्याचा हा धडा आजही उपयोगी आहे.

खीर : मिश्रणाच्या दुप्पट दूध-पाणी घेऊन पाच मिनिटे शिजवावे. वेलची आणि एखादा खजूर पुरेसा होतो.

उपमा : मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा यांची फोडणी करून गाजर, मटार घालावेत. वाटीभर मिश्रणाला सव्वा वाटी उकळते पाणी, चवीपुरते मीठ आणि झाकण ठेवून एक वाफ.

थालीपीठ किंवा धिरडे : मिश्रणाचे भरड पीठ आणि तेवढेच ज्वारीचे पीठ एकत्र करून कांदा, कोथिंबीर, ओवा, तिखट, मीठ घालावे. नुसत्या ओट्सच्या पिठाचे थालीपीठ मोडते. ज्वारीच्या पिठाने ते धरून राहते.

लाडू : भरड पिठात किसलेला गूळ व थोडे तूप. डब्यात द्यायला सोयीचे. पण गूळ हीही साखरच, हे विसरून चालणार नाही.

कोणी जपून खावे?

ज्यांना तंतूंची सवय नाही त्यांनी अर्ध्या वाढपापासून सुरुवात करावी आणि दिवसभर पुरेसे पाणी प्यावे. अन्यथा पोटात वात धरतो. ग्लुटेन वर्ज्य असलेल्या सीलियाकच्या रुग्णांनी साधे ओट्स वापरू नयेत. दळण-सफाईच्या ठिकाणी त्यात गहू किंवा जव मिसळण्याची शक्यता असते. 'ग्लुटेनमुक्त' असे प्रमाणित ओट्सही त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावेत. शेंगदाणे किंवा तिळाची ॲलर्जी असेल, तर ते वगळावेत. लहान मुलांच्या घशात अख्खे दाणे अडकू शकतात, त्यांना पीठच द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही दाणे आणि बिया यांबाबत डॉक्टरांना विचारून घ्यावे.

रविवारच्या दुपारी तासभर कढईपाशी उभे राहिले, की आठवड्याच्या पाच सकाळी सुकर होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातील प्रत्येकाच्या वाटीत किती साखर आणि किती मीठ पडणार, हे ठरवण्याचा अधिकार कारखान्याकडून पुन्हा स्वयंपाकघराकडे येतो. धान्य परदेशी असले तरी भाजणीची रीत आपलीच आहे. तिला नवा जिन्नस वर्ज्य असण्याचे काही कारण नाही.