तबकडीतला नाताळ आणि कारखान्यातले कान

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे पॉवर प्रेसशेजारी काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर जुन्या रेकॉर्ड जमवायचा नाद लागला, की घरच्यांच्या दोन तक्रारी सुरू होतात. एक, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. दोन, आवाज फार मोठा लावतात. पहिली तक्रार कपाट आणून मिटते. दुसरीसाठी मात्र कानाच्या डॉक्टरकडे जायला हवे, आणि बहुतेक जण जात नाहीत.

नाशिक परिसरात नाताळच्या गाण्यांचे वेड नवे नाही. शरणपूरला एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची वस्ती होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट 1874 मध्ये लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला पोचला. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजने अभंग-ओवीच्या वळणाने लिहिली. त्यामुळे आपल्याकडे नाताळ पेटी-तबल्यावरही गायला जातो आणि चार आवाजांच्या क्वायरमध्येही. ज्यांनी लहानपणी चर्चमध्ये ही चार आवाजांची गुंफण ऐकली, त्यांना म्हातारपणी ती पुन्हा ऐकावीशी वाटते. मग मुंबईचा चोर बाजार, ओळखीचे भंगारवाले, एखादा बंद पडलेला बंगला, असे शोध सुरू होतात. मुंबईत तर 1990 पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था आहे. ती उभी करणारे सुरेश चांदवणकर पेशाने भौतिकशास्त्रज्ञ, हा काही निव्वळ योगायोग नसावा. हा छंद अर्धा संगीताचा आहे आणि अर्धा विज्ञानाचा.

क्वायरची रेकॉर्ड ही संग्राहकांच्या दृष्टीने अवघड वस्तू. 1925 पूर्वी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गाणारा पत्र्याच्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि आवाजाच्या जोरानेच सुई मेणात खाच पाडायची. एकट्या गायकाचे त्यात निभायचे. शंभर माणसे कर्ण्यासमोर कशी उभी करणार? म्हणून त्या काळच्या ‘क्वायर’ म्हणजे प्रत्यक्षात दाटीवाटीने उभे राहिलेले मूठभर गायक असत, आणि कर्णा त्यांच्यातले साधारण 200 ते 2000 हर्ट्झच्या मधलेच काय ते टिपायचा. निरोगी तरुण कान 20 ते 20000 हर्ट्झ ऐकतो. म्हणजे गाण्याचा मधला गाभा यायचा, खर्ज आणि चकाकी दोन्ही बाहेर राहायची.

मायक्रोफोन आला आणि चित्र एका वर्षात पालटले. 31 मार्च 1925 रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये ग्ली क्लबांच्या साडेआठशे गायकांनी ‘अदेस्ते फिदेलेस’ हे नाताळचे गीत गायले आणि कोलंबिया कंपनीने ते विजेवरच्या यंत्रणेने मुद्रित केले. शेवटी श्रोत्यांनीही सूर मिळवला, म्हणून लेबलवर 4850 आवाज असे छापले गेले. कंपन्यांच्या जाहिराती आपण ओळखतोच, पण गर्दीचा तो दणका लोकांनी तबकडीवर पहिल्यांदा ऐकला हे खरे. नव्या पद्धतीने मर्यादा 5000 हर्ट्झच्या आसपास गेली.

हा 5000 चा आकडा सातपूरच्या कानांसाठी महत्त्वाचा आहे.

अंतर्कर्णात शंखाच्या आकाराच्या नळीत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रेसचे ठोके, ग्राइंडरची किंचाळी, हवेच्या दाबाचा फुसकारा हे सगळे वर्षानुवर्षे कानावर पडले, की आधी मरतात त्या 4000 हर्ट्झच्या आसपास ऐकणाऱ्या पेशी. श्रवणचाचणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो. माणसाला मात्र आपण बहिरे होतोय असे वाटत नाही, कारण जाड आवाज नीट ऐकू येतात. हरवतात ती ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी बारीक व्यंजने. ‘सात’ म्हटले की ‘हात’ ऐकू येतो. सून पुटपुटते, नातू घाईत बोलतो, असा आरोप सुरू होतो आणि घरात कारण नसताना कटुता येते.

अशा माणसाला जुनी क्वायरची रेकॉर्ड लावून द्या. त्याचा चेहरा खुलतो. पुरुषांच्या खर्जापासून मुलांच्या वरच्या सुरापर्यंत क्वायरचे मूळ स्वर साधारण 80 ते 1000 हर्ट्झच्या पट्ट्यात बसतात, आणि तो पट्टा त्याच्या कानात अजून शाबूत आहे. त्याच्या कानाला जे ऐकू येत नाही, त्यातले बरेचसे त्या तबकडीतही नाही. नव्या गाण्यांपेक्षा जुनी स्पष्ट ऐकू येतात, असे तो म्हणतो तेव्हा तो केवळ आठवणीत रमलेला नसतो.

धोकाही इथेच आहे. आवाजाने बिघडलेल्या अनेक कानांत सतत बारीक शिट्टी वाजत असते. जुन्या तबकडीची खरखर त्या शिट्टीवर पांघरूण घालते. तेवढा वेळ बरे वाटते, म्हणून आवाज वाढवला जातो, मग हेडफोन येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. क्वायरमध्ये तर हलक्या सुरावरून एकदम दणक्यावर उडी असते. हलका भाग ऐकू यावा म्हणून बटण फिरवून ठेवायचे आणि पुढच्या कडव्याला चारही आवाज एकदम कानावर आदळायचे! कारखान्यातून वाचलेल्या पेशी अशा घरी बसून मारल्या जातात.

आता तबकडीच्या प्रकृतीकडे वळू. 78 फेऱ्यांची तबकडी मुळात आपल्या देशाची ऋणी आहे. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी असते, आणि त्यांना बांधून ठेवते ती चपडा लाख, म्हणजे पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याचा स्राव. 1908 मध्ये कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना निघाला, त्यालाही हीच लाख. लाकडाला पॉलिश करणाऱ्या सुताराला विचारा, चपडा कशात विरघळतो? स्पिरिटमध्ये. तरीही करोनानंतर घरोघरी उरलेले सॅनिटायझर कापसावर घेऊन लोक या तबकड्या पुसतात. एका पुसण्यात खाचांवरची झिलई जाते आणि गाणे कायमचे पुसट होते. व्हायनिलच्या एलपीला जे चालते ते लाखेला चालत नाही.

नाशिकच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या वेष्टनात राहिलेल्या तबकडीवर पांढरट-हिरवी बुरशी धरते. ती फुंकरीने उडवणे ही सर्वांत वाईट सवय. बुरशीचे बीजाणू नाकातून थेट फुप्फुसात जातात. दमा, जुनी सर्दी किंवा कारखान्यातल्या धुळीने आधीच थकलेली फुप्फुसे असतील तर खोकला आणि धाप दोन-दोन आठवडे हटत नाही. गठ्ठा घराबाहेर, गॅलरीत उघडावा. एन-95 मास्क लावावा. कुजलेले वेष्टन जपण्याचा मोह सोडावा, त्यावर काही लिहिलेले असल्यास फोटो काढून ठेवावा. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल धुवावे, लेबल कोरडे राखावे, साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा धुऊन सावलीत उभे वाळवावे. उन्हात ठेवले तर तबकडी पापडासारखी वाकडी होते. घरात कोणाला दमा असेल तर हे काम त्या माणसाने करूच नये, हौस कितीही असो.

धुतल्यावर सुईचा प्रश्न येतो. एलपीची सुई या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथली घाण तेवढी वाचते. इथे साधारण तिप्पट जाड टोकाची सुई लागते. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, हे आजोबांच्या पिढीला ठाऊक होते. जुना ध्वनिडबा शंभर ग्रॅमहून जास्त वजन खाचेवर टाकतो. दुर्मीळ क्वायर त्यावर रोज वाजवणे म्हणजे रोज थोडी खरवडणे.

म्हणून एकदा नीट वाजवून संगणकावर उतरवून घ्यावे हे उत्तम. पण इथे संग्राहकाचे कान पुन्हा आडवे येतात. खरखर काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये किती काढायचे हे कानच ठरवतात, आणि ते कान 4000 च्या वर अधू असतील तर दोन चुका ठरलेल्या. एकतर खरखर ऐकूच येत नाही म्हणून ती तशीच राहते, किंवा गाणे मंद वाटते म्हणून वरची पट्टी इतकी चढवली जाते की घरातली मुले कानावर हात ठेवतात. यावर उपाय सोपा आहे. पहिली प्रत कोणताही हात न लावता, शक्य असल्यास 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिटमध्ये, वेगळी जपावी. सफाई दुसऱ्या प्रतीवर करावी आणि ती शाळकरी नातवाला ऐकवावी. त्याच्या केशपेशी अजून जागेवर आहेत. तबकडीचा वेगही पट्टीच्या पेटीशी ताडून पाहावा. जुन्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या असतातच असे नाही, आणि सहा टक्के फरकाने अख्खा क्वायर अर्धा सूर चढतो किंवा उतरतो.

जे अजून कामावर आहेत त्यांनी तर निवृत्तीची वाट पाहू नये. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे आणि विमाधारक कामगाराला त्यासाठी लाभ मागता येतो. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. श्रवणचाचणी बिनवेदनेची असते, अर्ध्या तासात होते. फक्त तिच्या आधी चौदा-सोळा तास मोठ्या आवाजापासून लांब राहावे लागते. त्यामुळे साप्ताहिक सुट्टीनंतरची सकाळ, पाळी सुरू व्हायच्या आधी, ही तिची योग्य वेळ. आदल्या रात्री रेकॉर्डही लावू नये.