दिसतं एक, आत असतं दुसरंच

सोलापुरात टॉवेलचा नमुना असो, लग्नपत्रिका असो की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अहवाल, चित्र पाठवायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "वर्डमध्ये टाकून पाठवा ना!" वर्डमध्ये चित्र बसतं, पडद्यावर नीट दिसतं, शेजारी चार ओळी लिहिता येतात. मग बिघडलं कुठे? बिघडतं ते इथेच. पडद्यावर दिसणारं चित्र आणि फाइलच्या पोटात साठवलेलं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि ऑफिस सॉफ्टवेअरमधल्या चित्रांबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन्ही एकच मानण्यातून येतात.

सुरुवात मागापासूनच करू. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्यावरची नक्षी उतरते ती जॅकार्डवर. लिऑंच्या जोसेफ मारी जाकार याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे यंत्र आणलं. छिद्रं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक सरकतात. छिद्र असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. खुद्द जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र 1839 साली तयार झालं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली होती. आज कार्डांची जागा बऱ्याच ठिकाणी संगणकाने घेतली असली तरी तत्त्व तेच आहे. डिझायनरच्या पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक भेट. असं डिझाइन बहुधा मोजक्या रंगांच्या बीएमपी फाइलमध्ये ठेवतात आणि त्यातला रंग हा डोळ्यांसाठी नसतो. लाल म्हणजे एक वीण, निळा म्हणजे दुसरी. रंग ही तिथे मागाला दिलेली आज्ञा असते.

आता हीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेली, तिथून वर्डच्या पानावर आली आणि गिऱ्हाइकाने पसंत केली, असं समजा. मोर दिसतोय, काठ दिसतोय, सगळं जागच्या जागी. पण फोटो म्हणून पाठवताना तिचं जेपीईजी झालेलं असतं. 1992 साली प्रमाणित झालेली ही पद्धत छायाचित्रांसाठी बनवलेली आहे. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देते. आभाळाच्या फोटोत ते खरंच जाणवत नाही. नक्षीच्या कडेला मात्र लाल आणि निळ्याच्या मध्ये जांभळट, करडे, कुठल्याच विणीचे नसलेले ठिपके उगवतात. सहा रंगांचं डिझाइन शेकडो छटांचं होऊन बसतं. त्यात भर वर्डची. अनेक आवृत्त्यांत सेव्ह करताना चित्र इंचाला 220 ठिपक्यांवर आणण्याची सोय आधीपासूनच चालू असते. 2,400 ठिपके रुंदीचं डिझाइन पानावर सहा इंचांत बसवलं तर त्याचे उरतात 1,320. म्हणजे जवळजवळ निम्मे धागे गायब, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर उपाय साधा आहे. पसंतीसाठी वर्ड चालेल, पण मागासाठी मूळ बीएमपीच हवी, आणि तीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून. वर्डच्या ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली, चित्रं कॉम्प्रेस न करण्याची खूणही करता येते. ती एकदा करून ठेवायला हरकत नाही.

दुसरा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो आता युक्ती म्हणून सांगितला जातो: फाइल उघडत नाही ना, मग नावापुढचं एक्स्टेन्शन बदला, जेपीजी करा. याने फक्त नाव बदलतं. चित्राचा प्रकार फाइलच्या पहिल्या काही बाइट्सवरून कळतो. जेपीईजीची सुरुवात 255 आणि 216 या अंकांनी होते. पीएनजीचा पहिला बाइट 137 आणि त्यापाठोपाठ पी, एन, जी ही अक्षरं. नाव काहीही ठेवा, आतला मजकूर हलत नाही. कधी कधी ही युक्ती चालल्यासारखी वाटते, कारण काही सॉफ्टवेअर नावाकडे न बघता आतच बघतात आणि मुकाट्याने चित्र उघडून दाखवतात. मग सांगणाऱ्याचा विश्वास आणखी पक्का होतो.

ही युक्ती सर्वांत जास्त वापरली जाते ती आयफोनच्या फोटोंवर. 2017 साली आलेल्या आयओएस 11 पासून नवे आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतात. जागा कमी लागते, दर्जा राहतो. पण जुन्या वर्डला हा प्रकार ठाऊकच नाही, आणि नव्या वर्डलाही विंडोजमध्ये त्यासाठीचं जोडसॉफ्टवेअर असावं लागतं. यात दोष आयफोनचाही नाही आणि वर्डचाही नाही, दोघांची ओळख झालेली नाही एवढंच. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीईजीत येतात. संकेतस्थळांवरून उतरवलेल्या वेबपी चित्रांचीही गत तशीच. गूगलने हा प्रकार 2010 मध्ये आणला; फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसने तो 7.4 या आवृत्तीत, म्हणजे 2022 साली स्वीकारला. कार्यालयातल्या संगणकावर त्याआधीची आवृत्ती असेल तर तिच्यापुढे कितीही डोकं आपटून उपयोग नाही. चित्र पेंटमध्ये उघडत असेल तर तिथून 'सेव्ह अ‍ॅज' करून पीएनजी करावं आणि मोकळं व्हावं.

डीटीपीवाल्यांची तक्रार वेगळी. "पूर्वी वर्डमध्ये ईपीएस टाकला की यायचा, आता येत नाही. नवीन वर्ड बिघडलंय." बिघडलेलं नाही, मुद्दाम बंद केलेलं आहे. ईपीएस दिसायला चित्र असलं तरी आतून तो पोस्टस्क्रिप्ट या भाषेतला चक्क प्रोग्रॅम असतो. चित्र दाखवायचं म्हणजे तो प्रोग्रॅम चालवायचा. याच वाटेने ईपीएस दडवलेली कागदपत्रं पाठवून लोकांच्या संगणकांत शिरकाव होऊ लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2017 च्या सुरक्षा अपडेटमध्ये विंडोजवरच्या ऑफिसला ईपीएस घ्यायचंच बंद केलं. गैरसोय झाली खरी, पण निर्णय बरोबर होता. अनोळखी माणसाने पाठवलेल्या टेंडरच्या फाइलमधलं बोधचिन्ह आपल्या संगणकावर हुकूम सोडणार असेल तर ते न दिसलेलंच बरं.

कोरलड्रॉच्या सीडीआर फाइलचं दुखणं आणखी फसवं. आपल्याकडे पत्रिका, हँडबिल, फ्लेक्स यांतलं मोठं काम आजही कोरलमध्येच चालतं. ज्या संगणकावर कोरल आहे तिथे त्यातलं चित्र कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट केलं की ते सुबक येतं. तीच वर्डफाइल कोरल नसलेल्या संगणकावर उघडली तरी चित्र दिसतं, म्हणून सगळे निर्धास्त. पण दिसते ती फक्त झलक. त्यावर दोनदा क्लिक करून काही दुरुस्त करायला गेलं की हाती काही लागत नाही, कारण मूळ वस्तू उघडायला कोरलच लागतं. 'इन्सर्ट पिक्चर'मधून सीडीआर थेट घ्यायचं म्हटलं तर आजचं वर्ड ते ओळखत नाही. लिबरऑफिसचं ड्रॉ 2012 पासून सीडीआर उघडतं, आणि साध्या रेषांच्या कामात बरं उघडतं. गुंतागुंतीच्या छटा आणि परिणाम मात्र जसेच्या तसे उतरतील याची हमी देता येत नाही.

मग एसव्हीजी वापरा, असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे. एसव्हीजी ठिपक्यांचं नसून रेषांचं चित्र असतं, कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, आणि 2019 पासूनच्या वर्डमध्ये ते सरळ येतं. इथेही पोटात डोकावलं की गंमत दिसते: वर्ड एसव्हीजीसोबत त्याच चित्राची एक पीएनजी प्रतही ठेवून देतं, जुन्या आवृत्तीला दाखवण्यापुरती. त्यामुळे 2010 किंवा 2013 चं वर्ड वापरणाऱ्याला चित्र दिसतं खरं, पण ते ठिपक्यांचं. मोठं केलं की कडा फुटतात आणि पाठवणाऱ्यावर ठपका येतो.

मराठी मजकुरासाठी तर एक जादा खबरदारी हवी. एसव्हीजीत अक्षरं अक्षरं म्हणूनच राहिली असतील तर समोरच्या संगणकावर तोच फॉन्ट असावा लागतो. श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं 'शुभविवाह' फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा चिवडा होऊन उमटतं. डीटीपीवाले "कर्व्ह करून द्या" असा आग्रह धरतात तो याचसाठी. अक्षरांच्या रेषा केल्या की फॉन्टचा प्रश्नच मिटतो, पण नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. म्हणून आधी प्रूफ वाचावं, मग कर्व्ह करावं, आणि न केलेली प्रत जपून ठेवावी. वधूचं नाव चुकल्यावर तीच उपयोगी पडते.

आता काही घोळ झटपट. स्कॅनरमधून आलेल्या अनेक पानांच्या टिफमधलं वर्ड पहिलंच पान दाखवतं. बाकीची हरवलेली नसतात, फक्त दिसत नाहीत. जेपीईजीत पारदर्शकता नसते, म्हणून सही-शिक्क्याभोवती पांढरा चौकोन येतो, त्यासाठी पीएनजी. आणि छापखान्याच्या चार शाईंच्या हिशेबातले, म्हणजे सीएमवायके रंग वर्ड सांभाळत नाही. ते पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या भाषेत बोलतं, त्यामुळे वर्डमध्ये पाहून ठरवलेला मोरपंखी छापून तसाच येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

आकाराबद्दलचा घोळ मात्र थोडा थांबून सोडवण्यासारखा आहे. "फोटो 300 डीपीआयचा द्या" ही मागणी एकट्याने अर्धवट असते. फोटोत ठिपके किती आहेत हे खरं. डीपीआय हा आकडा ते ठिपके किती इंचांत पसरायचे एवढंच सांगतो. 4,000 बाय 3,000 ठिपक्यांचा मोबाइलचा फोटो 300 च्या हिशेबाने सुमारे 13 बाय 10 इंच छापता येतो. 400 बाय 300 चा फोटो 300 डीपीआयचा 'केला' तरी तो छान छापला जाईल फक्त दीड-एक इंचात. उलट बाजूने, परीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरताना 50 केबीचा फोटो हवा म्हणून वर्डमध्ये कोपरा धरून फोटो लहान करणारे अनेक जण असतात. तसं केल्याने पानावरची जागा कमी होते, मूळ फोटोची फाइल तेवढीच जड राहते.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास फ्लेक्सची कामं वाढतात, तेव्हा "वर्डमध्येच बनवून आणलंय, दहा बाय चार फुटांचं" असं म्हणणारा एखादा उत्साही कार्यकर्ताही भेटतो. वर्डचं पान 22 इंचांपलीकडे जात नाही आणि पॉवरपॉइंटची स्लाइड 56 इंचांपलीकडे. दहा फूट म्हणजे 120 इंच. त्याने आणलेलं असतं ते लहान आकाराचं चित्र, जे फ्लेक्सवाल्याला ताणावं लागतं, आणि मग नेत्याचा चेहरा चौकोनी होतो.

राहिला तो गैरसमज सर्वांत महागात पडणारा. बँकेच्या किंवा भाडेकराराच्या कागदासाठी आधारचा फोटो वर्डमध्ये टाकायचा, नको तो भाग क्रॉप करायचा किंवा नंबरवर काळी पट्टी ठेवायची, आणि फाइल ईमेलने पाठवून द्यायची. लोकांना वाटतं, कापलेला भाग गेला. तो गेलेला नसतो. वर्डचं क्रॉप भाग झाकतं, कापत नाही. फाइल मिळालेला कुणीही 'रीसेट पिक्चर अँड साइज' करून अख्खं कार्ड परत आणू शकतो. काळी पट्टी तर नुसती वर ठेवलेली वस्तू, उचलली की झालं.

खात्री करायची असेल तर स्वतःच्याच एखाद्या वर्डफाइलची प्रत घ्या. डीओसीएक्स फाइल ही प्रत्यक्षात झिप फाइलच असते, तिचे पहिले दोन बाइट्ससुद्धा पी आणि के असतात. म्हणून प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा, आणि यावेळी ते खरोखर चालतं, कारण आत झिपच आहे. उघडल्यावर 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया' नावाचं फोल्डर, आणि त्यात पानावरचं प्रत्येक चित्र ओळीने ठेवलेलं. कापलेलं म्हणून समजलेलं आधार कार्ड तिथे पूर्ण सापडतं, काळ्या पट्टीशिवाय.

भाग खरंच काढून टाकायचा असेल तर चित्र निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' वर खूण करा आणि मगच फाइल सेव्ह करा. पट्टीचा उपाय मात्र वर्डमध्ये करूच नका. पीडीएफ केल्यावरही पट्टीखालचं चित्र फाइलमध्ये राहू शकतं. आधारसाठी तर एवढी खटपट करायचीही गरज नाही. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घेता येतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि फक्त शेवटचे चार दिसतात.