मुस्लिम विवाह-समुपदेशन : अधिकार, उत्तरदायित्व आणि व्यावसायिक मर्यादा

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया गेट ही वास्तू मार्च १९३९ मधील त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक म्हणून ओळखली जाते. त्याच महिन्याच्या १७ तारखेला ‘मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम’ संमत झाला. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात समाविष्ट होते. मराठी भाषिक नागपूर-वऱ्हाड आणि हिंदी भाषिक महाकोशल हे दोन्ही भूभाग एकाच नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत येत असत. त्यामुळे धार्मिक विवाह-समुपदेशकाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न या दोन्ही प्रदेशांच्या सामाइक विधिपरंपरेचा भाग ठरतो.

१९३९ च्या कायद्यामागे विशिष्ट सामाजिक निकड होती. हनफी विधिपरंपरेत परित्यक्ता स्त्रीला विवाहमुक्त होणे अत्यंत दुष्कर होते. काही स्त्रिया केवळ सुटकेसाठी धर्मत्याग करीत. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी परंपरेतील उदार तरतुदींचा आधार घेण्याचा मार्ग सुचविला आणि कायद्याची वाट मोकळी झाली. मात्र असे दावे मुस्लिम न्यायाधीशासमोरच चालावेत ही उलेमांची मागणी अंतिम कायद्यात टिकली नाही. विवाहविच्छेदाचा हुकूमनामा देण्याचा अधिकार सर्वसाधारण न्यायालयाकडे गेला. धर्मज्ञाकडे मार्गदर्शन आणि समेट ही कार्ये उरली. तत्पूर्वी १८८० च्या काझी अधिनियमानेही नियुक्त काझीला न्यायिक वा प्रशासकीय अधिकार मिळत नाहीत आणि निकाहास त्याची उपस्थिती अनिवार्य ठरत नाही, हे स्पष्ट केले होते.

तात्पर्य, धार्मिक समुपदेशकाची सत्ता कायद्याने दिलेली नसून ती पक्षकारांच्या विश्वासावर उभी असते. ज्या सत्तेवर अपील नाही, तिच्या बाबतीत उत्तरदायित्वाची गरज अधिक तीव्र असते.

समेटाची संकल्पना इस्लामी परंपरेत मुळातच आहे. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातील पस्तिसाव्या आयतीत पतीच्या व पत्नीच्या कुटुंबातून प्रत्येकी एक हकम, म्हणजे मध्यस्थ, नेमण्याचा निर्देश आढळतो. दोन्ही बाजूंना समान प्रतिनिधित्व हे या रचनेचे मर्म होय. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात, तलाकपूर्वी सयुक्तिक कारण आणि समेटाचा प्रयत्न आवश्यक ठरविला. समुपदेशनाला अशा रीतीने विधिमूल्य प्राप्त झाले, परंतु समुपदेशकाची पात्रता व आचारसंहिता अनिर्णितच राहिली.

या उणिवेचे परिणाम २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयातून स्पष्ट होतात. भोपाळच्या काझी-दरबारात २००५ मध्ये झालेल्या तडजोडीच्या लेखावरून पुढे उत्तर प्रदेशातील कुटुंब न्यायालयाने असा निष्कर्ष काढला, की पत्नीने स्वतःची चूक मान्य केली आहे. तिला पोटगी नाकारण्यात आली. प्रत्यक्षात त्या लेखात अशी कबुली नव्हती. एकत्र राहण्याचा व परस्परांना तक्रारीस जागा न देण्याचा निर्धार तेवढा होता. सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ४,००० रुपये पोटगी मंजूर केली आणि काझी-न्यायालय वा दारुल-कझा यांना कायद्याची मान्यता नाही, याचा पुनरुच्चार केला. २०१४ च्या विश्वलोचन मदन खटल्यातही फतवा बंधनकारक नसल्याचे न्यायालयाने म्हटले होते. समेटासाठी लिहिलेला कागद स्त्रीच्या निर्वाहाच्या आड येऊ शकतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ अन्वये समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद आहे. तेथील समुपदेशक न्यायालयाला उत्तरदायी असतो. काझी वा इमाम मात्र कोणत्याही नियामक व्यवस्थेच्या कक्षेत येत नाही. म्हणून पुढील मानदंड विचारार्ह ठरतात.

पहिला, भूमिकाभेद : समुपदेशक, हकम, मुफ्ती आणि काझी यांची कार्ये भिन्न आहेत. आपण कोणत्या भूमिकेतून बोलतो, हे आरंभीच सांगितले पाहिजे. दुसरा, लेखनशुद्धी : तडजोडीचा लेख दोन्ही पक्षांना समजेल अशा भाषेत असावा, वाचून दाखवावा आणि त्याची प्रत स्त्रीच्या हाती द्यावी. दोषारोप व कबुली यांचा त्यात संदिग्ध उल्लेख नसावा. तिसरा, विधिज्ञान : एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ च्या निर्णयाने रद्दबातल आणि २०१९ च्या अधिनियमाने दंडनीय ठरला आहे, तो लागू झाला असे सांगणारा मार्गदर्शक स्त्रीची दिशाभूल करतो. चौथा, मर्यादांचे भान : मारहाण वा जिवाला धोका असेल तेथे समेटाचा आग्रह न धरता पोलीस, वैद्यकीय व विधी साहाय्याकडे पाठविणे हेच कर्तव्य होय. पाचवा, गोपनीयता आणि तक्रारीची सोय : ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यानेच तिचा निवाडा करू नये.

हे मानदंड धर्मपरंपरेवर बाहेरून लादले जात असल्याचा आक्षेप संभवतो. तथापि दोन्ही बाजूंना समान स्थान देणारी हकमची रचना पाहता तो टिकत नाही. उभय पक्षांचे म्हणणे ऐकणे, पक्षपात टाळणे आणि आपल्या अधिकाराची सीमा ओळखणे ही मूल्ये त्या परंपरेच्या गाभ्यातच आहेत. त्यांना लिखित नियमांचे रूप मिळाले, तर धर्मज्ञाच्या दाराशी आलेल्या स्त्रीला तेथून न्यायालयाकडे जाण्याची वाटही मोकळी राहील.